क्वांटमचं कोडं भूमितीनंच सुटेल. पटत नसेल तर खोडून दाखवा

वावरातला मास्तर

येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या गावच्या वाचनालयात क्वांटमवर, म्हणजे अणू आणि कणांच्या जगाच्या नियमांवर, बोलायचं माझ्याकडे आलंय. समोर बारावीची पोरं, दोन-चार शिक्षक आणि तूर काढून मोकळे झालेले कास्तकार असतील. मागच्या खेपेला एका पाहुण्यांनी तासभर श्रोडिंगरचं मांजर (डबा उघडेपर्यंत एकदम मेलेलंही आणि जिवंतही, असं क्वांटमचं कल्पित मांजर) मारलं आणि जिवंत केलं. लोक हसले, चहा पिऊन घरी गेले, डोक्यात काही उरलं नाही. मी तसं करणार नाही. मी अवकाशकाल (जागा आणि काळ मिळून एकच विणलेलं वस्त्र) आणि गुरुत्वापासून सुरुवात करणार आणि क्वांटम त्यातून काढून दाखवणार.

माझं मत असं की क्वांटम हा पाया नाहीच, पाया भूमिती आहे. आइनस्टाइननं १९१५ मध्ये गुरुत्व नावाचं बलच काढून टाकलं. ग्रहाला कोणी ओढत नाही, वाकलेल्या अवकाशकालात तो त्याच्या परीनं सरळच चाललेला असतो. एक बल भूमितीत विरघळलं तर बाकीचं का विरघळू नये? कालुझानं १९२१ मध्ये पाचवी मिती जोडली, तर त्याच समीकरणांतून विद्युतचुंबकत्व बाहेर पडलं. क्लाइननं १९२६ मध्ये ती मिती इवल्याशा वर्तुळात गुंडाळली, तर विद्युतभार सुट्या नगांत का येतो हेही कळलं. मिस्नर आणि व्हीलर यांनी १९५७ मध्ये दाखवलं की भार अशी वेगळी वस्तू मानायची गरजच नाही. अवकाशात बोगदा असेल तर ज्या तोंडातून बलरेषा आत शिरतात ते आपल्याला ऋण भार वाटतं, जिथून निघतात ते धन. आणि १९६८ मध्ये ब्रँडन कार्टरला दिसलं की फिरत्या, भारित कृष्णविवराच्या चुंबकत्वाचं आणि फिरण्याचं गुणोत्तर २ येतं. साध्या फिरत्या भारित गोळ्याचं १ येतं. इलेक्ट्रॉनचं डिरॅकनं १९२८ मध्ये काढलेलं गुणोत्तर किती? २. हा योगायोग म्हणायचा?

आता विचित्रपणाचं. वॉरविक विद्यापीठाच्या मार्क हॅडली यांनी १९९७ मध्ये मांडलं की कण म्हणजे अवकाशकालाचीच गाठ समजा, आणि त्या गाठीत काळ स्वतःवर वळलेला असू द्या. मग आजची सगळी स्थिती सांगूनही उद्याचं ठरत नाही, कारण पुढे कोणतं मापन होणार हेही त्या गाठीच्या अटींत येतं. असं झालं की जागा आणि संवेग दोन्ही एकदम ठरलेले असतात असं म्हणता येत नाही, आणि क्वांटमचं तर्कशास्त्र त्यातूनच निघतं. मांजराची गरजच नाही.

हाणा आता.

निव्वळ नागपुरी

मास्तर, यादी झकास, निष्कर्ष कच्चा.

हेलियमचा अणू घ्या. दोन इलेक्ट्रॉन. त्यांचं तरंगफल, म्हणजे क्वांटममध्ये कणांची स्थिती सांगणारं गणित, आपल्या तीन मितींच्या अवकाशात राहतच नाही, दोघांच्या मिळून सहा मिती लागतात. कार्बनला सहा इलेक्ट्रॉन, म्हणजे अठरा मिती. तुमच्या अंगणातल्या लिंबाच्या एका पानाला किती लागतील ते तुम्हीच मोजा. आणि ही नुसती लिहायची सोय नाही. हिलेरासनं १९२९ मध्ये हेलियमची ऊर्जा अचूक काढली, ती तरंगफलात दोन इलेक्ट्रॉनमधलं अंतर थेट घालून. दोघांना आपापला वेगळा तरंग देऊन ते उत्तर येत नव्हतं.

तुमचा अवकाशकाल चार मितींचा. तो कितीही वाकवा, पिळा, भोकं पाडा, त्यात अठरा मितींचं प्रकरण बसवणार कुठं? कालुझाची पाचवी मिती सगळ्यांना मिळून एक असते, इथं दर कणामागे तीन नव्या लागतात. हे कोडं सोडवल्याशिवाय 'क्वांटम भूमितीतून निघतो' हे वाक्य फळ्यावर लिहू नका.

बंडीवाला

मास्तर, तुमी तं कायच्या काय सांगून रायले. मागं आमच्या धुऱ्याची मोजणी झाली. मोजणीवाल्यानं काठीवर ते रोव्हर का काय म्हणतेत ते उभं केलं, अन् घडीभरात सांगतलं का धुरा सव्वा हात तिकडं हाये. चुलतभाऊ अजून माह्याशी बोलत नाई. त्या यंत्रात तुमचा क्वांटम हाये का गुरुत्व, तेवढं सांगा. मंग बाकीचं पाहू.

वावरातला मास्तर

भाऊ, दोन्ही आहेत, म्हणून तर हा विषय गावात घ्यायचाय. रोव्हर उपग्रहांच्या घड्याळांवरून जागा काढतो. उपग्रहातलं घड्याळ अणूच्या ठोक्यांवर चालतं, तो क्वांटम. आणि ते घड्याळ इतक्या उंचीवर आहे की तिथं गुरुत्व कमी, म्हणून रोज ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतं. वेगामुळे ७ मागे पडतं. निव्वळ ३८ मायक्रोसेकंद पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. ही दुरुस्ती केली नाही तर धुरा सव्वा हात नाही, पार पुढच्या तालुक्यात जाईल.

रोव्हरवाला

मोजणीच्याच कामात आहे म्हणून मध्ये बोलतो. उपग्रहाच्या घड्याळातला फरक जमिनीवर पक्क्या जागी बसवलेल्या कायम केंद्राला आणि रोव्हरला सारखाच लागतो, वजाबाकीत निघून जातो. शिवाय ती घड्याळं वर पाठवण्याआधीच तेवढी मंद लावलेली असतात. ११ किलोमीटरचा आकडा ऐकायला भारी, पण धुऱ्यावरच्या कामात तो तसा येत नाही. चुलतभावाचं भांडण आइनस्टाइनच्या माथी मारू नका.

निव्वळ नागपुरी

आणि घड्याळाचंच काढलंत तर पूर्ण पाहा. १९६७ पासून सेकंद म्हणजे सीझियमचे ९,१९,२६,३१,७७० ठोके. हा आकडा वक्रतेतून निघतो का? नाही. उंचीवरचे ठोके आणि जमिनीवरचे ठोके यांची तुलना कशी करायची, एवढंच भूमिती सांगते. एका ठोक्याची लांबी क्वांटम ठरवतो. दोन सिद्धांत एकाच डब्यात शेजारी बसलेत, एक दुसऱ्याच्या पोटातून निघालेला नाही.

वावरातला मास्तर

शेजारी बसलेत म्हणता? १९७५ चा कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर यांचा प्रयोग आठवा. सिलिकॉनच्या एकाच स्फटिकातून कोरलेलं यंत्र. न्यूट्रॉनचा तरंग त्यात दोन वाटांनी फुटतो आणि पुन्हा एकत्र येतो. यंत्र कलतं केलं की एक वाट दुसरीपेक्षा थोडी वर जाते. तेवढ्यानं शेवटी मोजलेल्या न्यूट्रॉनांची संख्या वर-खाली होते. का? कारण तरंगाची कला (तो हेलकाव्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) म्हणजे कणानं स्वतःच्या वाटेवर मोजलेला काळच, आणि वरच्या वाटेवर काळ वेगळा चालतो. श्रोडिंगरच्या तरंगात भूमिती भिनलेली आहे, याहून सरळ पुरावा काय हवा?

अठरा मितींचं उत्तर माझ्याकडे आज नाही. पण तरंगफल हे खरोखर अवकाशात पसरलेलं काही आहे, हे तुम्ही गृहीत धरताय. माझ्या मते ती आपल्या माहितीची वही आहे, आणि वहीला कितीही पानं असू शकतात.

गणिताच्या बाई

सर, न्यूट्रॉनचा प्रयोग तुमच्या बाजूनं अर्धाच बोलतो. भूमितीचा सगळा रुबाब कशावर आहे? पडणाऱ्या वस्तूचं वस्तुमान काहीही असो, वाट तीच. म्हणून तर गुरुत्वाला बल न म्हणता वक्रता म्हणता आलं. पण न्यूट्रॉनच्या कलेत वस्तुमान कटत नाही, प्लांकच्या स्थिरांकाच्या, म्हणजे क्वांटमच्या मूळ मापाच्या, भागाकारात ते तसंच समोर उभं राहतं. काळ भूमितीनं दिला हे खरं, पण त्या काळात तरंग किती वेळा हेलकावणार हा दर भूमितीनं दिलेला नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे. निर्वात अवकाशाची आइनस्टाइनची समीकरणं घ्या. एक उकल मिळाली की ती दुप्पट करा, दसपट करा, तीही उकलच. पटवाऱ्याच्या नकाशावर प्रमाणच लिहिलेलं नसेल तर वावराचा आकार कळतो, एकर कळत नाहीत. तसंच हे. मग गाठीतून इलेक्ट्रॉन होत असेल तर काही गाठी लहान, काही मोठ्या, काही त्याहून मोठ्या अशा का नाहीत? हरेक इलेक्ट्रॉन अगदी त्याच वस्तुमानाचा कसा? भूमितीकडे दोनच स्थिरांक आहेत, गुरुत्वाचा आणि प्रकाशवेगाचा. ते कसेही गुणा-भागा, प्लांकच्या स्थिरांकाचं एकक त्यातून तयार होत नाही. तिसरं काहीतरी बाहेरून घालावंच लागतं.

वावरातला मास्तर

बाई, प्रकाशवेग तरी कोणत्या भूमितीतून निघतो? तोही मोजूनच घातलाय. प्लांकचा स्थिरांक तसाच घाला. हॅडली तर्कशास्त्राचा साचा काढतात, आकडा काढतो असं म्हणतच नाहीत.

गणिताच्या बाई

आकडा एकदा घालायला माझी ना नाही. पण प्रकाशवेग घातला की तो साऱ्या अवकाशकालाला एकदम लागू होतो, पुन्हा घालावा लागत नाही. तुमची गाठ मात्र प्रत्येक वेगळी. एका गाठीचं माप हातानं ठरवलंत, शेजारची गाठ त्याच मापाची होईल हे कोण सांगणार? व्हीलरनं १९५५ मध्ये प्रकाशाचेच स्वतःच्या गुरुत्वानं बांधलेले गोळे कल्पिले होते, जिऑन. तिथंही हीच फजिती. आकाराला बंधन नाही, आणि त्याच्या मूळच्या गणितातले जिऑन तर आकाशातल्या गोलांएवढे भले मोठे. त्यालाही शेवटी क्वांटमच आणावा लागला.

आणि क्लाइनचं वर्तुळ. नुसत्या वर्तुळानं भार सुट्या नगांत येत नाही. त्या वर्तुळावर तरंग बसवावा लागतो, आणि तो पूर्ण संख्येनंच बसतो म्हणून नग पडतात. तो तरंग कुठला? १९२६ चाच, श्रोडिंगरचा. ज्यातून क्वांटम काढायचा त्यातच तो आधी घातला, मग निघाला. यात नवल काय?

औंढ्याचा शेजारी

पुसदकडचा आहे. औंढा नागनाथ हिंगोलीत म्हणजे मराठवाड्यात असलं तरी आमच्यासाठी शेजारच. तिथल्या लायगो-इंडियाला, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशकालाची थरथर) टिपणाऱ्या यंत्राला, केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीवरही गुरुत्वीय लहरी निघतात. (जमिनीचे भाव त्याआधी निघतात, ते सोडा.)

त्या यंत्राचं एक सांगतो. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, टोकाला आरसे. लहर आली की बाहूच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिली लहर सापडली ती अशी. आता गंमत बघा. तिथले आरसे ४० किलोचे आहेत, आणि २०२० मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रकाशातल्या क्वांटम चढउतारांचे धक्के बसून हे ४० किलोचे आरसे हलतात. हलतात किती, तर १० चा −२० वा घात मीटरच्या आसपास. म्हणजे भूमिती किती बारकाईनं मोजता येईल याची वेस क्वांटम ठरवतो. वेस ओलांडायला ते आता स्क्वीझ्ड प्रकाश (ज्याचे चढउतार एका बाजूनं दाबलेले असतात असा) वापरतात, तोही क्वांटमचाच प्रकार.

मास्तर, पाया कोणाचा आणि माडी कोणाची, हे मला तरी उलटं दिसतंय.

वावरातला मास्तर

हे मोजणाऱ्या यंत्राबद्दल झालं. लहर स्वतः निखळ भूमिती आहे, आणि १९१६ चं आइनस्टाइनचं भाकीत तिनं क्वांटमची मदत न घेता खरं केलं.

तुरीच्या शेंगा

मी बीएस्सीला आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. सर म्हणतात भूमिती क्वांटमला जन्म देते. भौतिकशास्त्रज्ञ पेनरोझ म्हणतात तसं नाही, भूमिती क्वांटमला *मोडते*. एक वस्तू एकदम दोन ठिकाणी असेल तर दोन वेगवेगळ्या वक्रता एकावर एक येतात, ते अवकाशकालाला झेपत नाही, म्हणून ती थोड्या वेळात एकाच जागी पडते. हंगेरीच्या डिओसींनी १९८७ मध्ये असंच सूत्र दिलं होतं. इलेक्ट्रॉन हलका म्हणून त्याला युगं लागतात, मांजर जड म्हणून लगेच. मला हे जास्त पटतं. गावात सांगायलाही हेच सोपं नाही का?

निव्वळ नागपुरी

बेटा, सांभाळून घ्यायची गरज नाही, बरोबर सांगितलंस. फक्त पुढचं ऐक. अशा पडण्यात भारित कणांनी थोडा थोडा किरणोत्सर्ग सोडायला हवा. इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात, जर्मेनियमच्या शोधकानं तो शोधला. २०२० मध्ये निकाल आला, हवा तेवढा किरणोत्सर्ग नाही. त्या सिद्धांताचं सगळ्यात साधं रूप बाद झालं. दुरुस्त रूपं शिल्लक आहेत. पण बघ, तुझ्या पेनरोझना निदान डोंगराखाली जाऊन तपासता तरी आलं. मास्तरांची गाठ कुठं तपासायची?

गणिताच्या बाई

आणि दिशा उलटी असलेलं काम आपल्याच माणसाचं आहे. शिरपूरचे अभय अष्टेकर. १९८६ मध्ये त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत मांडली, त्यावर पुढे लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. तिथं क्षेत्रफळच नगांत येतं, १० चा −३५ वा घात मीटर एवढ्या प्लांक लांबीच्या मापावर. म्हणजे गुळगुळीत भूमिती हीच क्वांटमची दुरून दिसणारी बाजू. सर, भूमितीचं एवढं प्रेम असेल तर हे सांगा की. खानदेशातला माणूस म्हटल्यावर पोरं कानही टवकारतील.

बंडीवाला

मले एवढंच समजलं का मास्तर एका बाजूले अन् बाकी सारे दुसऱ्या. पण मास्तर हटून नाई रायले, हे बरं वाटलं. कार्यक्रम सांजच्याले ठेवजा. आमच्या फिडरले त्या हप्त्यात रातची लाईन हाये, दहानंतर मोटरीवर जा लागते.

वावरातला मास्तर

साडेसहाला ठेवतो भाऊ.

नागपुरी साहेब, 'गाठ तपासायची कुठं' या प्रश्नावर. बेलनं १९६४ मध्ये दाखवलं की कणांनी उत्तरं आधीच खिशात ठेवलेली असतील तर गुंतलेल्या (दूर असूनही एकाच स्थितीनं बांधलेल्या) जोड्यांतल्या मेळाला एक मर्यादा पडते. आस्पे यांनी १९८२ मध्ये ती मोडलेली दाखवली, २०२२ चं नोबेल क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना त्याच कामाला. मांजरवाले इथं हात टेकतात. माझी गाठ टेकत नाही, कारण बेलचं एक गृहीतक आहे की पुढे कोणतं मापन निवडलं जाईल याचा कणाच्या आत्ताच्या स्थितीशी संबंध नाही. काळ स्वतःवर वळलेला असेल तर ते गृहीतकच गळतं.

निव्वळ नागपुरी

गळतं, कबूल. पण किंमत बघा. झायलिंगर यांच्याच गटानं २०१८ मध्ये अब्जावधी वर्षांपूर्वी क्वेसारमधून (फार दूरच्या, अतितेजस्वी दीर्घिकेच्या गाभ्यातून) निघालेल्या प्रकाशावरून मापनाची दिशा ठरवली, तरी बेलची मर्यादा मोडलीच.

वावरातला मास्तर

त्यानं भूतकाळातल्या संगनमताची वाट बंद झाली. माझी अट भविष्याकडून येते. तिला त्या प्रयोगानं बोटही लावलेलं नाही.

निव्वळ नागपुरी

नेमकं हेच दुखणं. तिला कोणताच प्रयोग बोट लावत नाही. इतक्या वर्षांत एका तरी कणाची अशी गाठ समीकरणं सोडवून कोणी कागदावर आणली का? उकल नाही, आकडा नाही, फक्त 'अशी गाठ असती तर'. आणि कार्टरचा २ ऐकायला गोड, पण इलेक्ट्रॉनचा मोजलेला आकडा २.००२३ आहे. तो वरचा तुकडा श्विंगरनं १९४८ मध्ये काढला, क्वांटम क्षेत्राच्या गणितातून, भूमितीतून नव्हे. शिवाय इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, भार आणि फिरणं कार्टरच्या कृष्णविवरात घातलं की विवरच राहत नाही, उघडं कडं उरतं, त्रिज्या १० चा −१३ वा घात मीटरच्या आसपास. टकरींच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉन १० चा −१८ वा घात मीटरपर्यंत बिंदूच दिसतो. एवढं मोठं कडं कोणाला दिसलं नाही होय?

वावरातला मास्तर

मग प्रयोगच सांगतो. २०१७ मध्ये सौगतो बोस आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वेळी मार्लेट्टो-वेड्रल यांनी सुचवलाय. साधारण १० चा −१४ वा घात किलोचे दोन बारीक कण, दोन्ही सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकदम दोन ठिकाणी, आणि दोघांच्या मध्ये फक्त गुरुत्व. ते एकमेकांत गुंतले तर गुरुत्व क्वांटमचं. नाही गुंतले तर ती निखळ भूमिती, आणि मी म्हणतो ते.

गणिताच्या बाई

पहिलं वाक्य ठीक. दुसऱ्यात उडी मारलीत. नाही गुंतले तर जोनाथन ऑपेनहाइम यांच्या २०२३ च्या सिद्धांताचं पारडं जड होतं. त्यात गुरुत्व क्वांटम नाही, पण पदार्थ क्वांटमच आहे, आणि तो भूमितीतून काढलेला नाही. गुंतले तरी तुम्ही हरता, नाही गुंतले तरी दुसराच जिंकतो. तुम्ही कधी जिंकता?

वावरातला मास्तर

गाठीची उकल कागदावर आली आणि तिच्यातून २.००२३ निघाला की.

गणिताच्या बाई

मग २८ तारखेला हे वाक्य आधी सांगा, कार्टरचा २ नंतर.

वावरातला मास्तर

आधी २ च सांगणार. पोरांना हात वर करायला काहीतरी हवं ना. २.००२३ घेऊन तुम्ही पहिल्या रांगेत बसा, माईक तुमच्याकडे देतो.